पिवळं सिको ६१३९ आणि सी-गल १९६३: नऊ महिन्यांचा अनुभव

मनात ओमेगाचं स्पीडमास्टर घड्याळ होतं, पण तेवढे पैसे नव्हते. म्हणून दोन क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेली मनगटी घड्याळं, घेतले: सत्तरच्या दशकातलं पिवळ्या डायलचं जपानी सिको ६१३९-६००५ आणि नवंकोरं चिनी सी-गल १९६३. नऊ महिने दोन्ही आलटूनपालटून हातावर आहेत.

६१३९ हे १९६९ साली आलेलं, जगातल्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी एक. अंतराळवीर विल्यम पोग यांच्या मनगटावर १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर हेच होतं, म्हणून शौकीन त्याला ‘पोग’च म्हणतात.

पहिल्या खेपेला फसले. ‘ओरिजिनल डायल’ म्हणून आलेलं घड्याळ भिंगाखाली धरलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, खालचा बारीक नंबर पुसट. डायल चक्क पुन्हा रंगवलेली! आपल्याकडच्या अशा रंगरंगोटीला बाहेरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, याचं फार वाईट वाटतं. ते परत केलं, पैसे हातात यायला दीड महिना गेला.

दुसऱ्या वेळी विकणाऱ्याकडून आधी व्हिडिओ मागवला. क्रोनो (स्टॉपवॉच) चालू करायचा, अर्धा तास चालू द्यायचा, मग रिसेट. काटा बरोबर बारावर आला पाहिजे, दोन सेकंद इकडेतिकडे असेल तर सोडून द्यावं. मागच्या झाकणावरच्या सिरियलचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. माझं ५३ने सुरू होतं, म्हणजे मार्च १९७५.

या घड्याळाला वेगळा सेकंदकाटा नाही आणि किल्लीही देता येत नाही. दोन दिवस पडून राहिलं की हलवून जागं करावं लागतं. पट्टा १९ मिलिमीटरचा, तो शोधताना जीव मेटाकुटीला आला. पण बटण दाबल्यावर मोठा काटा जराही न अडखळता निघतो, ते बघताना सगळं विसरायला होतं. एक्स्प्रेसवेवर भाऊ गाडी चालवत असताना किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत वेळ घेतला: ३६ सेकंद. कडेवरच्या टॅकीमीटरवर, म्हणजे ताशी वेग दाखवणाऱ्या पट्टीवर, काटा थेट १००वर!

सी-गलची गंमत मागच्या काचेतून दिसते. यंत्राचं मूळ स्वित्झर्लंडच्या व्हीनस १७५ मध्ये आहे. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत किल्ली देते, बटणाचा ‘टक्’ बोटाला स्वच्छ जाणवतो. क्रोनो सुरू होताना काटा किंचित उडी मारतो, तो या रचनेचाच भाग आहे. मात्र हा क्रोनो दिवसभर चालू ठेवू नये, यंत्रावर ताण येतो. ६१३९ला त्याचा फारसा त्रास नाही.

रोजच्या ऑफिसला सी-गलच बरं. पोग मी रविवारी घालते आणि पाण्याजवळ अजिबात नेत नाही. सर्व्हिसिंगचे पैसे मात्र खरेदीच्या वेळीच बाजूला काढून ठेवले होते, कारण आमच्या घड्याळवाल्या काकांनी पोग उघडून आधीच सांगितलं, “ताई, याचा क्लच, म्हणजे क्रोनोला यंत्राशी जोडणारा भाग, गेला तर दुसऱ्या घड्याळातूनच काढावा लागेल.” तेव्हापासून मी पार्टसाठी एक बंद पडलेलं ६१३९ शोधते आहे.