बकुळ लावावी की निशिगंध? इंदूरच्या काळ्या मातीतला हिशेब

इंदूरला जुनं घर पाडून नवं बांधलं की पुढे थोडी मोकळी जागा उरते आणि तिच्यावरून घरात दोन पक्ष पडतात. एकाला बारमाही हिरवं, सावली देणारं झाड हवं असतं. दुसऱ्याला फुलं हवी असतात, आणि तीही यंदाच. आपल्या मराठी घरांत हा वाद पुष्कळदा बकुळ आणि निशिगंध या दोन नावांवर येऊन थांबतो. दोन्हींची फुलं पांढरी, दोन्ही सुवासिक, दोन्ही देवाला चालतात. म्हणूनच निवड अवघड होते.

माझा कल आधीच सांगते. जागा स्वतःची असेल, भिंतीपासून दहा-बारा फूट सोडता येत असतील आणि घरावर दुपारनंतरचं ऊन येत असेल, तर बकुळ लावा. घर भाड्याचं असेल, नुसती गच्ची असेल किंवा अंगण जेमतेम असेल, तर निशिगंध लावा आणि मन लावून लावा.

सुरुवात मातीपासून करू, कारण इंदूरमध्ये निम्मा निर्णय तीच करते. मालव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते. एप्रिल-मेमध्ये आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. इथे वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. निशिगंधाला नेमकं हेच सोसत नाही. मुळाशी पाणी तुंबून राहिलं की कंद मऊ पडतो आणि कुजतो. म्हणून तो सपाट जमिनीत कधी पुरू नका. वीतभर उंच गादीवाफा करा, काळ्या मातीत मुरूम आणि भरपूर कुजलेलं खत मिसळा, आणि जोराच्या सरीनंतर स्वतः जाऊन बघा की पाणी कडेनं निघून जातंय की वाफ्यातच मुरतंय. कुंडीत हा प्रश्न सुटतो. गच्चीवाल्यांना निशिगंध सुचवण्याचं हे मोठं कारण आहे.

बकुळीला काळी माती मानवते, मात्र रोप लहान असताना तिच्याही मुळाशी डबकं नको. तिची खरी परीक्षा उन्हाळ्यात. पारा चाळिशीपार गेला, जमिनीला भेगा पडल्या, की कोवळी मुळं उघडी पडतात, तुटतात. पहिले तीन उन्हाळे आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन हवंच, फक्त ते बुंध्याला चिकटू देऊ नका. वाळवीही याच वयात लागते, त्यामुळे खड्डा भरताना मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड घातलेली बरी. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. लागवड पहिला दमदार पाऊस झाल्यावर.

आता फुलांचं. निशिगंधाचा हिशेब महिन्यांचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये कंद लावला की तीन-साडेतीन महिन्यांत दांडा दिसू लागतो. गौरी-गणपतीला घरची फुलं हवी असतील तर एप्रिलअखेर लावून मोकळं व्हावं. कंद दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा आणि हाताला टणक लागणारा घ्या. बारीक कंद पहिल्या वर्षी नुसती पानं देऊन बसतात. दोन इंच खोल, वीतभर अंतरावर, टोक वरच्या बाजूला. दिवसाचं पाच-सहा तास सरळ ऊन मिळालं नाही तर पानांचा झुबका होतो आणि दांडा येतच नाही.

दांडा अडीच-तीन फुटांचा होतो. त्यावर कळ्या जोडीजोडीनं लागतात आणि खालून वर उमलत जातात. खालची एखादी जोडी उमलली की दांडा कापून पाण्यात ठेवायचा, पाणी रोज बदलायचं, देठाचं टोक थोडं छाटायचं. वरच्या कळ्या घरात उमलत राहतात. अंधार पडला की वास वाढतो. सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा असं म्हणतात. मालव्याची ती गार रात्र ओट्यावर बसून अनुभवायची असेल, तर निशिगंधाला तोड नाही, हे बकुळीची बाजू घेऊनही मी मान्य करते.

सिंगल की डबल, म्हणजे पाकळ्यांचा एकच घेर की अनेक, असं दुकानात विचारतील. डबलचे दांडे फुलदाणीत भरघोस दिसतात, पण वजनानं वाकतात, काठीचा आधार द्यावा लागतो. वासाला सिंगल सरस, आणि हारात ओवायलाही सिंगलच. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या शृंगार आणि प्रज्वल या जाती चांगल्या. मिळाल्या तर त्या घ्या.

मेहनतीची गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. एक कंद एकदाच फुलतो. त्याच्या अंगाला बाळकंद धरतात आणि पुढच्या हंगामात ते फुलतात. दोन-तीन वर्षांत जमिनीत लसणाच्या गड्ड्यासारखा दाट गठ्ठा होतो आणि फुलं कमी होतात. थंडीत पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं, कंद उकरायचे, सुटे करून सावलीत वाळवायचे आणि मार्चमध्ये पुन्हा लावायचे. डझनभर कंदांपासून सुरुवात केली तरी तिसऱ्या वर्षी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटण्याइतके निघतात. ज्यांना हे उकरणं-लावणं आवडतं त्यांच्यासाठी हा आनंदच आहे. पण मे महिना पुण्याला मुलाकडे काढायचा असेल, तर नुकत्याच लावलेल्या कंदांना पाणी कोण घालणार याची सोय आधी बघा.

बकुळीचा हिशेब वर्षांचा. ती चिकूच्या कुळातली, सावकाश वाढणारी. बीपासून वाढवलेलं झाड फुलायला पाच-सात वर्षं सहज घेतं. चार-पाच फुटी रोप आणलं तरी काही पावसाळे थांबावं लागतं. या थांबण्यानंच बरेच जण मागे फिरतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. कारण एकदा मूळ धरलं की ती तुमच्याकडे फार काही मागत नाही. पाणी महिनाभर चुकलं तरी उभी राहते. पान सदाहरित, चकचकीत, कडेला किंचित लहरी असलेलं. जुनी पानं वर्षभर थोडी थोडी गळतात, पण झाड कधी बोडकं होत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात दुपारी तीन वाजता पडणारी तिची सावली कुठल्याही कंदाला देता येणार नाही.

आणि फूल. नखाएवढं, टोकदार पाकळ्यांचं, मळकट पांढरं. पहाटे आपोआप गळून पडतं, तोडावं लागत नाही. गळालेल्या फुलाच्या मधोमध भोक असतं, त्यामुळे सुई नसली तरी गवताच्या काडीत ओवता येतं. वाळून तपकिरी झालं तरी वास जात नाही. म्हणून तर बायका ती साड्यांच्या घडीत ठेवत आल्या आहेत. निशिगंधाचं फूल सुकलं की संपलं. बकुळीचं सुकल्यावरही उरतं, आणि माझं माप इथेच झुकतं.

फुलांनंतर पिवळी-नारिंगी फळं येतात. पाखरं आणि वटवाघळं त्यांवर ताव मारतात, खाली सडा पडतो. गाडी लावायच्या जागेवर बकुळ नको.

निशिगंध नकोसा झाला तर उपटून टाकता येतो. झाडाचं तसं नाही. मध्य प्रदेशात शहरी हद्दीतलं झाड तोडायला २००१ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. शिवाय काळ्या मातीतला ओलावा मुळं शोषून घेतात, माती आकसते, आणि झाड पायाला खेटून असेल तर भिंतीला त्रास होऊ शकतो. म्हणून वर दहा-बारा फुटांचा आग्रह धरला. वर विजेच्या तारा असतील तर जागा बदला. दरवर्षी शेंडा छाटलेली बकुळ बघवत नाही.

खत दोघांनाही लागतं, आणि त्यासाठी इंदूरकरांना लांब जायला नको. १९२४ मध्ये इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली, आताचं कृषी महाविद्यालय तिच्यातूनच पुढे आलं. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग अधूनमधून उलथून तीन महिन्यांत खत करायची त्यांची रीत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. ओला कचरा आपण वेगळा काढतोच. त्यातला भाजीपाल्याचा भाग आणि अंगणातला पाला एवढ्यावर घरचा छोटा ढीग चालतो.

दोन्ही लावता येतील का? येतील, पण शेजारी-शेजारी नाही. बकुळीची दाट सावली कंदाला फुलू देत नाही. शिवाय थंडीत निशिगंधाचं पाणी तोडायचं असतं आणि बकुळीच्या लहान रोपाला तेव्हाही आठवड्याला पाणी हवं असतं. बकुळ पश्चिमेला, निशिगंधाचा वाफा पूर्वेला किंवा दक्षिणेला. जागा एकीकडेच असेल तर रोपापासून चार-पाच फूट सोडून कंद लावा. सावली तिथवर पोचायला काही वर्षं जातात, तोवर फुलं मिळतील. मग कंद कुंड्यांत हलवा.

नर्सरीत जाताना बकुळीसाठी मौलश्री आणि निशिगंधासाठी रजनीगंधा ही नावं लक्षात ठेवा, इथे तीच चालतात. बकुळीचं रोप उंचीवर भाळून घेऊ नका, पिशवीचा तळ बघा. मुळं पिशवी फोडून जमिनीत गेली असतील तर उचलताना ती तुटलेली असतात आणि असं रोप पहिल्या उन्हाळ्यात हटकून मान टाकतं. तीन फुटी, सरळ खोडाचं, शेंडा शाबूत असलेलं रोप घ्या. कंद घेताना पिशवीत एकगठ्ठा न घेता हाताने निवडा. दाबून बघा, बुडाशी मऊ किंवा काळा लागला तर बाजूला ठेवा.