घरच्या फोटोंची नोंदवही: डिजीकॅम

घरचा फोटोसंग्रह लावून ठेवण्यासाठी मी काही काळापासून डिजीकॅम हा प्रोग्राम वापरतो आहे. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील स्वयंसेवक तो तयार करतात आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर तो विनामूल्य चालतो. आर्वी तालुक्यातील आमच्या गावी इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. त्यामुळे सगळे फोटो दूरच्या सर्व्हरवर चढवण्यापेक्षा घरच्या हार्ड डिस्कवर सांभाळणारे साधन मला हवे होते. शिवाय गुगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून नवे फोटो खात्याच्या १५ जीबी मोफत जागेत धरले जातात आणि ती जागा जीमेलशी वाटून घ्यावी लागते.

डिजीकॅममधला अल्बम म्हणजे डिस्कवरचे खरेखुरे फोल्डर असते आणि त्यावर टॅगांची, म्हणजे फोटोला लावायच्या नावाच्या चिठ्ठ्यांची, उतरंड रचता येते. तान्ह्या पोळ्याचा एक फोटो घ्या: चाकांचा लाकडी बैल, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, दोरी धरून उभा असलेला पुतण्या आणि मागे मारुतीच्या देवळाचा पार. त्याला ‘सण’च्या पोटातला ‘तान्हा पोळा’, ‘माणसे’च्या पोटातले पुतण्याचे नाव आणि गावाचे नाव असे तीन टॅग लावले, की तो तिन्ही वाटांनी सापडतो. टॅग देवनागरीत बिनतक्रार लिहिता येतात. मात्र एकदा ‘पोळा’ आणि एकदा ‘बैलपोळा’ असे लिहिले तर दोन वेगळे टॅग होतात, म्हणून घरात शब्द आधी ठरवून घेतलेले बरे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती एकच सोय. हे टॅग आणि फोटोखालची ओळ प्रोग्रामच्या डेटाबेसबरोबरच (म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदींच्या साठ्याबरोबरच) फोटोच्या फाइलमध्येही एक्सएमपी या, इतर प्रोग्रामांनाही वाचता येणाऱ्या, ठरावीक पद्धतीने लिहून ठेवता येते. प्रोग्राम पहिल्यांदा सुरू करताना याविषयी विचारणा होते आणि तेथे फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय आठवणीने निवडावा लागतो. गुगलने २०१६ मध्ये पिकासा हा आपला फोटो लावण्याचा प्रोग्राम बंद केला, तेव्हा त्यात अल्बम लावणाऱ्यांची मांडणी त्या प्रोग्रामच्याच डेटाबेसमध्ये होती. फाइलमध्येच लिहिलेले नाव उद्या डिजीकॅम नसला तरी दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येते.

पेटीतल्या जुन्या फोटोंसाठी थोडी जास्त मेहनत पडते. स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅनची तारीख बसते आणि आजोबांचा लग्नातला कृष्णधवल फोटो यंदाच्या काढणीच्या फोटोंशेजारी जाऊन उभा राहतो. तारीख बदलण्याची सोय आहे, पण ‘साधारण १९७२’ अशी मोघम तारीख तिथे चालत नाही. मी अशा वेळी त्या वर्षाची १ जानेवारी देतो आणि ‘अंदाजे’ हा टॅग लावतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंतून कॅमेऱ्याची मूळ नोंद पुसली जाते, तरी फाइलच्या नावात तारीख असते आणि डिजीकॅम ती नावावरून उचलू शकतो. अर्थात ती तारीख फोटो पाठवल्याची असते. मावशीने चार वर्षांनी पाठवलेले बारशाचे फोटो हातानेच जागेवर न्यावे लागतात.

चेहरे ओळखण्याचे काम संगणकावरच होते, फोटो कुठेही बाहेर जात नाहीत. त्यासाठी लागणाऱ्या फाइल आधी एकदा उतरवून घ्याव्या लागतात आणि त्या बऱ्याच मोठ्या असतात, तेव्हा हे काम तालुक्याच्या गावी चांगल्या जोडणीवर केलेले सोयीचे. अलीकडच्या फोटोंत ओळख चांगली जमते. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, टोपी घातलेले सख्खे भाऊ आणि मांडवातले धूसर समूहचित्र यांत मात्र ती चाचपडते. तिथे मोठ्या आईला शेजारी बसवून नावे भरणे हाच उपाय आहे. कमी मेमरीच्या जुन्या संगणकावर हे काम फार रेंगाळते.

फोनसाठी डिजीकॅम नाही आणि पडद्यावरची बटणांची गर्दी नवख्याला घाबरवते. ज्यांना केवळ नातेवाइकांना फोटो दाखवायचे आहेत, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. सारखे फोटो शोधून देणारी सोय मात्र गटागटांतून तेच ते फोटो येणाऱ्या घरांना फार उपयोगी आहे. कोणता ठेवायचा हे आपण पाहूनच ठरवावे. दुसरी प्रत ठेवण्याचे काम डिजीकॅम आपणहून करीत नाही, त्यामुळे फोटोंचे फोल्डर आणि डेटाबेस दोन्ही वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवून ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी.