जुन्या स्प्लेंडरवर पाय मावत नाहीत: सीट वाढवावी, फुटरेस्ट खाली घ्यावा की शॉकअप बदलावेत?

हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ साली आली आणि पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या तिच्या कितीतरी गाड्या आजही रोज रस्त्यावर धावतात. इंजिन कुरकुरत नाही, ॲव्हरेज चांगले पडते, त्यामुळे गाडी काढून टाकण्याचे कारण सापडत नाही. मात्र पाच फूट दहा इंचांपेक्षा उंच माणूस तासभर चालवून उतरला की गुडघे सरळ करण्यात त्याचा वेळ जातो. यावर उपाय विचारावा, तर उत्तर ज्याच्या-त्याच्या धंद्याप्रमाणे मिळते. सीटवाला फोम वाढवायला सांगतो, गॅरेजवाला लांब शॉकअप सुचवतो, ॲक्सेसरीजच्या दुकानात उंच हँडल पुढे केले जाते आणि एखादा वेल्डर फुटरेस्ट खाली घेऊन देण्याची तयारी दाखवतो. हे चारही उपाय एकाच दुखण्यावरचे म्हणून सांगितले जातात. प्रत्यक्षात त्यांतले दोनच पायांना जागा देतात. उरलेले दोन मनगटाच्या आणि पाठीच्या तक्रारींवरचे आहेत.

निर्णय घेण्याआधी एकच अंतर मोजावे: बसल्यावर सीटचा जो भाग आपल्याखाली दबतो, तिथपासून फुटरेस्टपर्यंतचे. गुडघा किती दुमडणार हे त्यावर ठरते. सीट जमिनीपासून किती उंच आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. समजा, चालवणाऱ्याची मांडी ४७ सेंमी आहे, गुडघ्यापासून तळव्यापर्यंतचे अंतर ५० सेंमी आहे आणि गुडघा ८० अंशांत दुमडला जात आहे. अशा वेळी खुब्यापासून फुटरेस्टपर्यंतचे अंतर ६२ सेंमीच्या आसपास भरते आणि ते एका इंचाने वाढले, की गुडघा साधारण चार अंशांनी उघडतो. दोन इंच मिळाले, तर ८० चे ८८ अंश होतात, म्हणजे गुडघा जवळजवळ काटकोनात येतो. खुबा फुटरेस्टच्या बराच मागे असल्यामुळे केवळ उंची वाढवून मिळणारा फायदा याहून कमी असतो; थोडे मागे सरकून बसता आले, तर तो भरून निघतो.

सीटचा पर्याय आधी तपासावा, कारण तो खर्च न करता अजमावता येतो. घरातली सतरंजी दीड इंच जाडीची घडी करून सीटवर घट्ट बांधावी, दोरीची टोके चेनकडे किंवा चाकाकडे लोंबणार नाहीत हे पाहावे आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्याने गाडी चालवावी. गुडघ्यांना फरक जाणवला आणि सिग्नलला दोन्ही पाय विश्वासाने टेकले, तरच कारागिराकडे जावे. स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची ७८५ मिमी दिली जाते. दीड इंच वाढवल्यावर ती ८२० मिमीच्या पुढे जाते, जी उंच माणसाला अडचणीची नाही, पण तीच गाडी घरातले पाच फूट चार इंचांचे वडील बाजाराला नेत असतील, तर त्यांचे चवडेच टेकतील.

काम कसे करून घ्यायचे, यावर बरेच अवलंबून आहे. जुना फोम मध्यभागी बसलेला असतो आणि तो बसल्यामुळे सीट पुढे उतरती होते, त्यामुळे चालवणारा प्रत्येक ब्रेकला टाकीकडे घसरतो. म्हणजे जागा उंचीतही जाते आणि लांबीतही. अशा दबलेल्या फोमवरच नवा थर चिकटवून वर कव्हर ओढणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर फसणारा प्रकार होय. बसलेला भाग कापून काढावा, तिथे रिबॉन्डेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेल्या फोमचा) कडक थर भरावा आणि त्यावर अर्धा-पाऊण इंच मऊ फोम द्यावा. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिल्यावर मऊ फोम सुखावह वाटतो, पण पंचाहत्तर किलोंचा माणूस बसला की तो तळापर्यंत दबतो आणि पैसे देऊन वाढवलेली उंची तिथेच संपते. जेल पॅड आणि मेमरी फोम माकडहाडाला आराम देतात, गुडघ्याला त्यांचा उपयोग नगण्य. शिवाय विदर्भातल्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीवरचा जेल पॅड ऑफिस सुटताना बसण्याच्या लायकीचा राहत नाही.

कारागिराला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. पहिली, टाकीलगतचा सीटचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता ठेवावा, कारण पाय जमिनीवर टेकताना मांड्या तिथूनच खाली जातात आणि तो भाग रुंद राहिला, तर अर्ध्या इंचाचाही फरक पडतो. दुसरी, फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पातळ कागद घालावा. शिलाईच्या भोकांतून पावसाचे पाणी झिरपून फोममध्ये साठते आणि मग ऊन पडले तरी दोन दिवस पँट मागून ओली होत राहते. मागे बसणाऱ्याचाही विचार इथेच करावा लागतो. फक्त पुढचा भाग उंचावला, तर दोन्ही बैठका एका पातळीत येतात आणि ब्रेक लागताच मागचा माणूस पुढे सरकतो. पत्नी किंवा आई साडी नेसून एका बाजूला बसत असेल, तर पुढचा भाग वाढवताना मागचाही थोडा वाढवावा लागतो आणि मग तिचे पाय साडीगार्डच्या पायरीवर पोहोचतात का, हे तिला बसवूनच पाहावे.

फुटरेस्ट खाली घेण्याचा पर्याय कागदावर अधिक सरस दिसतो. गाडीची उंची वाढत नाही, पाय जमिनीला पूर्वीसारखेच टेकतात, मागच्याच्या बैठकीला धक्का लागत नाही आणि गुडघ्याला तेवढीच जागा मिळते. अडचण सुरू होते ती जोडलेल्या भागांपासून. स्प्लेंडरचे पुढचे फुटरेस्ट इंजिनाखालून आडव्या जाणाऱ्या, बोल्टांनी कसलेल्या दांड्याचे असून ते दुमडत नाहीत. तो दांडा जाड वॉशर आणि लांब बोल्ट लावून एक-दीड इंच खाली आणला, की उभे राहून खड्डा ओलांडताना सगळे वजन त्या बोल्टांवर वाकड्या दिशेने येते आणि बोल्टाआधी आटे जातात. कुंभार्ली घाटातल्या वळणावर गाडी कलली असताना न दुमडणारा दांडा रस्त्याला टेकला, तर मागचे चाक रस्त्यावरून उचलले जाण्याचा धोका असतो. सपाट गावात पंचवीस-तीसच्या वेगाने फिरणाऱ्याला ही भीती कमी. घाट उतरून कोकणात जाणाऱ्याने ती गांभीर्याने घ्यावी.

त्याहून रोजची कटकट गिअरची आहे. फुटरेस्ट खाली गेला, की गिअर लिव्हरचे पुढचे टोक पायाच्या मानाने उंच राहते. लिव्हरचा बोल्ट पूर्ण काढून, लिव्हर शाफ्टवरून ओढून, एक दात फिरवून पुन्हा बसवता येते. पण स्प्लेंडरची लिव्हर पुढे बोटांनी आणि मागे टाचेने दाबायची असते, त्यामुळे पुढचे टोक खाली आणताच मागचे वर जाते आणि टाच उचलून दाबावी लागते. दोन्ही टोके एकाच वेळी सोयीची करण्यासाठी लिव्हरच गरम करून वाकवावी लागते. उजव्या बाजूला ब्रेक पॅडलही खाली घ्यावे लागते, त्याबरोबर मागच्या ड्रमच्या रॉडचा नट फिरवून खेळ पुन्हा लावावा लागतो आणि ब्रेक लाइटचा स्विच वर-खाली करावा लागतो. हे शेवटचे बऱ्याचदा राहून जाते आणि मागून येणाऱ्याला दिवा एक तर सतत पेटलेला दिसतो, नाहीतर दिसतच नाही. किकचा दांडा फुटरेस्टला घासतो का, डबल स्टँड उचलल्यावर पुरता वर जातो का, हेही तपासावे. एवढे सगळे नेटाने करणारा मेकॅनिक मिळाला, तरच या वाटेला जावे, असे माझे मत आहे.

उंच हँडलने गुडघा एका अंशानेही उघडत नाही. तरीही ते या यादीत येते, कारण सीट दीड-दोन इंच वाढली की माणूस हँडलवर ओणवा होतो आणि वजन मनगटांवर येते. म्हणून सीटच्या कामाला जोड म्हणून इंचभर उंच, किंचित मागे वळलेले हँडल घालणे योग्य. ते काही शे रुपयांत येते आणि पटले नाही तर जुने परत बसवता येते. मर्यादा केबलची आहे. क्लच, ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकची केबल मूळ हँडलच्या मापाची असते, म्हणून काम झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. फिरवताना इंजिनाचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे, आणि अशी गाडी यू-टर्न घेताना आपोआप वेग घेईल. केबलचा मार्ग बदलून भागले नाही, तर लांब केबल घालावी किंवा हँडल कमी उंचीचे घ्यावे.

लांब शॉकअपबद्दलचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. सीट आणि फुटरेस्ट दोन्ही चासीबरोबरच वर जातात, त्यामुळे मागचे शॉकअप इंचभर लांब घातले, तर गाडी उंच होते, पाय जमिनीपासून दूर जातात आणि गुडघा होता तसाच दुमडलेला राहतो. वर मागची बाजू उचलल्याने पुढचा फोर्क अधिक उभा होतो व हँडल चंचल लागते, चेनचा ताण बदलतो, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि डबल स्टँडवर मागचे चाक जमिनीवरच राहते. मूळ मापाचे नवे शॉकअप ही गोष्ट मात्र वेगळी. रॉडवर तेल दिसत असेल किंवा मागची बाजू दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, तर ते बदलावेतच. त्याने खड्ड्यांचे हादरे कमी होतात आणि कंबर वाचते. त्याआधी हवेचा दाब पुस्तिकेप्रमाणे आहे का आणि स्विंग आर्मचे, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश झिजून खेळत नाहीत ना, हे पाहावे, कारण अनेकदा दोष तिथेच असतो.

कायद्याच्या दृष्टीने सीटचा फोम आणि मूळ पद्धतीचे हँडल यांत अडचण येत नाही. चासी कापून किंवा तिला वेल्डिंग करून केलेला बदल मात्र टाळावा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवताना गाडी तपासणीला न्यावीच लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकडायची मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचे संरक्षण आवश्यक आहे, तेव्हा नवी सीट बसवताना मूठ काढून ठेवू नये. यामाहा आरएक्स १०० सारखी गाडी असेल, जिचे उत्पादन १९९६ साली थांबले आणि जिला आज मूळ स्थितीतच भाव येतो, तर जुनी सीट जपून ठेवावी व फोमचे प्रयोग दुसऱ्या सीटवर करावेत.

पाच फूट दहा ते सहा फुटांच्या दरम्यानचा, एकटाच किंवा एका माणसाला मागे घेऊन चालवणारा असेल, तर त्याने सीट आणि गरज पडल्यास इंचभर उंच हँडल, एवढेच करावे. घरात कमी उंचीचा दुसरा चालवणारा असेल आणि गाडी गावाबाहेर फारशी जात नसेल, तर फुटरेस्ट इंचभर खाली घेण्याचा विचार करता येईल. दीड इंच नको. सहा फूट दोन इंचांच्या माणसाला दोन्ही उपाय एकत्र करूनही गुडघा हँडलच्या जवळ येण्याची तक्रार राहतेच, कारण टाकी, सीट आणि हँडल यांच्यामधली लांबी वाढवता येत नाही. त्याने हा खर्च न करता लांब बैठकीची गाडी शोधावी, आणि ती घेताना शोरूममध्ये दोन मिनिटे बसून न पाहता मित्राची तशीच गाडी मागून तासभर चालवून पाहावी.