गॅफक्रोमिक ईबीटी-३ फिल्म : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मेंदूतल्या लहान गाठींसाठी आमच्या रेडिएशन विभागात स्टिरिओटॅक्टिक (गाठीवर नेमके रोखलेले, मोठ्या डोसचे) उपचार सुरू झाले, तेव्हा रुग्णाला द्यायच्या रेडिएशनचा प्लॅन आधी तपासायला ईबीटी-३ ही रेडिएशन पडलं की गडद होणारी फिल्म घ्यायची की आहे त्या आयन चेंबर ॲरेवर (डोस मोजणाऱ्या छोट्या चेंबरच्या जाळीवर) भागवायचं, यावर विभागात बरीच चर्चा झाली. मी फिल्मच्या बाजूने होते, आणि इतके महिने वापरून आजही आहे. आमच्या ॲरेत दोन चेंबरच्या केंद्रांमधलं अंतर ७.६२ मिमी. गाठ एक सेंटीमीटरची असली की तिच्या वाट्याला एखाद-दुसरा चेंबर येतो, आणि कडेला डोस ज्या उतारावरून झपाट्याने खाली येतो तो उतार मधल्या रिकाम्या जागेत हरवतो. फिल्म ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) स्कॅन केली तरी दर ०.३५ मिमीला आकडा मिळतो.

याचा खरा फायदा दिसला तो एकाच आयसोसेंटरवरून (मशीन ज्या बिंदूभोवती फिरतं तो) दोन गाठींना डोस देणाऱ्या प्लॅनमध्ये. त्या बिंदूजवळच्या गाठीचा डोस अगदी जागेवर होता, पण सहा सेंटीमीटर दूरच्या गाठीचा सुमारे एक मिलिमीटर सरकलेला. एक जागेवर आणि दुसरा हललेला, म्हणजे हे सरकणं नव्हे, फिरणं; त्या अंतरावर एक अंश वळण एवढाच फरक पाडतं. टेबलाचं वळण दुरुस्त करून प्लॅन पुन्हा दिला, तेव्हा दोन्ही जुळल्या. ३% / ३ मिमी गॅमाने (मोजलेला डोस प्लॅनशी ३% आणि ३ मिमीच्या आत जुळतो का, ही चाचणी) हा प्लॅन आधीच बिनतक्रार पास केला होता. एएपीएमच्या (अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेच्या) २०१८ च्या टीजी-२१८ अहवालात ३% / २ मिमी आणि ९५% बिंदू पास ही मर्यादा आहे, स्टिरिओटॅक्टिकसाठी त्याहून कडक निकष सुचवले आहेत. मी मात्र गॅमाच्या टक्केवारीआधी फिल्मवरचे आणि प्लॅनमधले प्रोफाइल (एका रेषेवरच्या डोसचे आलेख) एकावर एक ठेवून बघते. फिल्मच्या स्कॅनमधल्या नॉइझमुळे (आकड्यांतल्या बारीक चढउतारांमुळे) गॅमा आहे त्याहून चांगला दिसू शकतो.

डार्करूम नाही, केमिकल नाही, हे सुख आहेच. पण फिल्मइतकंच काम स्कॅनरचं आहे, हे विकत घेणाऱ्याला कुणी नीट सांगत नाही. फिल्म ९० अंशांत फिरवून ठेवली तर तीच फिल्म वेगळा डोस दाखवते, म्हणून तुकडा कापण्याआधीच कोपऱ्यावर खूण करायची. स्कॅनरच्या मध्यापासून बाजूला गेलं की आकडा बिघडतो, आणि डोस जास्त असेल तितका जास्त बिघडतो. फिल्म जरा उचललेली राहिली तरी फरक पडतो, त्यामुळे वरून काच ठेवते. सुरुवातीचे काही स्कॅन दिवा तापेपर्यंत फेकून द्यायचे, रंगदुरुस्ती पूर्ण बंद. कापलेल्या कडेचे काही मिलिमीटर मोजणीत धरायचेच नाहीत.

एक्सपोजरनंतरही रंग गडद होत राहतो. कॅलिब्रेशनच्या (माहीत असलेले डोस देऊन रंग आणि डोस यांचा मेळ घालायच्या) फिल्म २४ तासांनी स्कॅन केल्या असतील तर रुग्णाच्या प्लॅनची फिल्मही तेवढ्याच वेळाने. उपचार उद्या सकाळी असेल तर हे अडचणीचं होतं. तेव्हा माहीत असलेल्या डोसची एक पट्टी आणि एक कोरी पट्टी शेजारी ठेवून तिन्ही एकाच स्कॅनमध्ये घेते. तासाभरात निकाल हातात येतो.

ईबीटी-३ साधारण १० ग्रेपर्यंत (ग्रे हे डोसचं एकक) उत्तम. एकाच वेळी १८-२० ग्रे द्यायचे असतील तर ईबीटी-एक्सडी ही जास्त डोससाठीची फिल्म घ्या. मॉनिटर युनिट (मशीन किती रेडिएशन सोडतं त्याचं माप) कमी करून तपासता येतं, पण मग मशीनचा डोस रेट आणि गॅन्ट्रीचा (मशीनच्या फिरत्या भागाचा) वेग बदलू शकतो, आणि तपासलेला प्लॅन रुग्णाला मिळणारा प्लॅन राहत नाही. मला हा मार्ग पटत नाही. निव्वळ डोसच्या आकड्यासाठी लहान चेंबर सोबत लागतोच. फिल्मवर दोन-तीन टक्क्यांची अनिश्चितता मी नेहमी धरते.

खोके २५ शीटचे येते, स्वस्त नाही, आणि प्रत्येक लॉटला नवं कॅलिब्रेशन. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत पडून राहील अशी ऑर्डर देऊ नका. उष्णतेने आणि उन्हाने फिल्म बदलते. आम्ही एसी खोलीत, बंद कपाटात ठेवतो.

स्तन किंवा ओटीपोटाच्या रोजच्या प्लॅनसाठी ॲरे पुरेसा आहे, तिथे फिल्म वाया घालवू नये. गाठ ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) किंवा दृष्टीच्या नसेला लागून असेल, तर मी फिल्मशिवाय प्लॅनवर सही करत नाही.