सेल्सफोर्सवर बाहेरचं पॅकेज आपल्याला हवं तसं किती वाकवता येतं

आमच्या ऑफिसात सेल्सफोर्स (ग्राहक आणि विक्रीची नोंद ठेवायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर) मीच सांभाळते, त्यामुळे ॲपएक्स्चेंजवरून, म्हणजे त्यांच्या ॲप-बाजारातून, कुठलंही पॅकेज (तयार जोड-सॉफ्टवेअर) आणलं की ते आमच्या कामाला बसवायचं माझ्याकडेच येतं. ३ वर्षं बिलिंगचं एक मॅनेज्ड पॅकेज (ज्याचा कोड बनवणाऱ्या कंपनीच्याच हातात राहतो असं) वापरतोय, नाव घेत नाही.

आधी चांगलं सांगते. पॅकेजच्या ऑब्जेक्टवर (माहितीच्या तक्त्यावर) आपली फील्ड्स, म्हणजे रकाने, बिनधास्त टाकता येतात, लेआउट (स्क्रीनवरची मांडणी) हवा तसा फिरवता येतो, पॅकेजवाल्यांचा व्हॅलिडेशन रूल (चुकीची माहिती सेव्ह होऊ न देणारा नियम) आडवा येत असेल तर बंदही करता येतो. यात जीएसटी नंबरला जागाच नव्हती, मी फील्ड टाकलं, १५ अक्षरं भरली नाहीत तर सेव्ह होऊ नये असा रूल लावला, तासाभरात काम झालं आणि अकाउंट्सवाल्या ताईंची रोजची कटकट गेली.

कोड मात्र बंद पेटी. एपेक्स, म्हणजे सेल्सफोर्सच्या भाषेतला त्यांचा कोड, दिसत नाही, आणि ज्या फील्डच्या नावाआधी त्यांचा नेमस्पेस (पॅकेजची ओळख सांगणारा शब्द) आणि दोन अंडरस्कोअर लागलेत ते त्यांचं, आपल्याला डिलीट करता येत नाही.

खरा मनस्ताप झाला अपग्रेडला. नवीन ड्यू डेट फील्ड दिलंय म्हणून मेल आला, आमच्या स्क्रीनवर पत्ताच नाही. सपोर्टचं दोन दिवस एकच, कॅश क्लिअर करा. शेवटी मीच सेटअपमधला ऑब्जेक्ट मॅनेजर (जिथे सगळी फील्ड्स दिसतात) उघडला तर फील्ड आलेलं होतं, फक्त लेआउटवर नव्हतं. अपग्रेड आपल्या लेआउटला हात लावत नाही, म्हणून तर आपले बदल टिकतात, पण मग नवीन फील्ड आपणच ओढून बसवायचं. वर्षाला एवढी लायसन्स फी घेणाऱ्यांच्या सपोर्टला हे माहीत नसावं याचा मला अजून राग आहे.

दुसरं म्हणजे त्यांच्या ट्रिगरवर (रेकॉर्ड सेव्ह होताना आपोआप चालणाऱ्या कोडवर) आपला फ्लो (कोड न लिहिता बनवलेलं आपोआप चालणारं काम) जपून लावा. सेल्सफोर्सने तपासून मान्य केलेल्या सर्टिफाइड पॅकेजला क्वेरीची (डेटा शोधण्याची) लिमिट वेगळी मिळते पण सीपीयूचे, म्हणजे प्रोसेसिंगच्या वेळेचे, १० सेकंद त्यांच्यात आणि आपल्यात मिळून एकच. महिनाअखेरीला डेटा लोडरमधून (एकदम खूप रेकॉर्ड भरायच्या टूलमधून) बिलं चढवताना धडाधड एरर यायला लागले, एका वेळी जाणाऱ्या रेकॉर्डची बॅच २०० वरून ५० वर आणली तेव्हा कुठे बिलं चढली.

पॅकेज घेण्याआधी सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीत) बसवून, आपली २-४ फील्ड्स टाकून, मग अनइन्स्टॉलसुद्धा करून बघा. आपल्या फ्लोमध्ये त्यांचं एक फील्ड जरी वापरलेलं असलं तरी पॅकेज निघत नाही, आधी ते सगळं शोधून काढावं लागतं.

प्लॅटफॉर्मला ४ स्टार, या पॅकेजला २, आणि त्यातला एक जीएसटीचं फील्ड टाकता आलं म्हणून.