कॅरॅव्हॅनची बॅटरी: दोन वर्षं ट्युब्युलर वापरली, आता दीड वर्ष लिथियम

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर, मागे बेड, छोटं किचन आणि १२ व्होल्टचा फ्रिज असं करून घेतलेली. आई, मी, बायको आणि मुलगी असे चौघं फिरतो, जास्त करून कोकणात. आईला डायबेटीस आहे, इन्सुलिनची न उघडलेली पेनं २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागतात, त्यामुळे फ्रिज ही आमच्याकडे चैन नाहीये, तो बंद पडून चालतच नाही. हे आधीच सांगतोय कारण बॅटरीचा सगळा विचार मी तिथूनच केलाय.

गाडी बनवली तेव्हा दुकानदाराने १५० एएचची (अॅम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्युब्युलर लेड अॅसिड बॅटरी दिली, घरच्या इन्व्हर्टरला असते तीच उंच वाली. "साहेब दीडशे एएच आहे, दोन दिवस बघायला नको." मी पण विश्वास ठेवला. तारकर्लीला दुसऱ्याच रात्री तीनच्या सुमारास पंखे हळू झाले, मग फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू व्हायला जायचा आणि टक् करून बंद, परत टक् बंद. मे महिना, घामाने सगळे जागे, आणि आई उठून गुपचूप इन्सुलिनचा डबा थर्मासमधल्या बर्फात ठेवत होती. ते बघून मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर गणित मांडलं, जे खरं तर घ्यायच्या आधीच मांडायला हवं होतं. फ्रिज कोकणातल्या उकाड्यात २४ तासांत ३५ ते ४० एएच खातो, २० वॉटचे दोन पंखे रात्रभर म्हणजे साधारण २५, लाईट, मोबाईल, पाण्याचा पंप मिळून ८-१०. म्हणजे दिवसाला ७० ते ७५. आता लेड अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं, म्हणजे १५० मधले आपल्या हातात ७५ च. आणि ते ७५ पण कागदावर, कारण ती पूर्ण चार्ज झाली तर ना! शेवटचे २० टक्के भरायला तिला कित्येक तास लागतात, आपण तीन तास गाडी चालवतो, अल्टरनेटरपासून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रापासून, मागेपर्यंत बारीक वायर, त्यात व्होल्टेज पडतं. सोलार पॅनल तेव्हा नव्हतं. म्हणजे आम्ही प्रत्येक ट्रिपला पाऊण भरलेली बॅटरी घेऊनच निघत होतो.

अजून एक गोष्ट जी दुकानात कोणी बोलत नाही. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बाहेर हवा जाईल अशी पाईप लागते, आणि आमची होती बेडखाली बंद पेटीत. एकदा लांबच्या ड्राईव्हनंतर कुजक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे ती ओव्हरचार्ज होत होती, आणि वर आई झोपायची. त्या दिवशीच ठरवलं की ही काढायची.

मग भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून १२.८ व्होल्ट १०० एएचचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक बनवून घेतला, ३२ हजार पडले. वजन १२ किलो, आधीची पन्नासच्या वर होती, दोघांनी उचलावी लागायची. घेताना एक हट्ट केला की माझ्यासमोर कॅपॅसिटी टेस्ट करा, कारण ईव्हीमधून काढलेले जुने सेल नवीन म्हणून सर्रास विकले जातात. त्या माणसाने कुरकुर केली नाही, रात्री नऊला दोन हॅलोजन बल्ब जोडले, तासाला साडेआठ एएच जात होते, सकाळी नऊला बीएमएसने (पॅकमधलं, सेल सांभाळणारं सर्किट) लाईन तोडली. १०२ एएच. तेव्हाच पैसे दिले. जो टेस्ट करून द्यायला नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊच नका, लेबलवर कोणीही काहीही छापतं.

पण नुसती बॅटरी बदलून भागत नाही हं. लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, म्हणून मध्ये डीसी टू डीसी चार्जर टाकला, तो ३० अॅम्पच्या वर करंट जाऊ देत नाही. आता तीन तासांच्या ड्राईव्हमध्ये जवळपास सगळी भरते, आणि छतावर ३३० वॉटचं पॅनल आहे ते वेगळंच. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि २५ स्क्वेअर एमएमची केबल, यात पैसे वाचवू नका. आणि एक शंट, म्हणजे बॅटरीत किती करंट आला-गेला ते मोजणारं उपकरण, घ्याच, मी व्हिक्ट्रॉन कंपनीचा स्मार्टशंट लावलाय, कारण लिथियमचं व्होल्टेज ८० टक्क्याला आणि ३० टक्क्याला जवळजवळ सारखंच दिसतं, साध्या मीटरवरून काहीच कळत नाही. सकाळी मोबाईलवर बघतो, किती गेले किती उरले.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. संपत आली की पंखा हळू वगैरे काही होत नाही, एकदम सगळा अंधार. दिवेआगरला बायकोने चहासाठी १५०० वॉटची किटली लावली आणि सगळंच बंद, कारण १३० अॅम्पच्या आसपास लागतात आणि आमचा बीएमएस १०० चा. चहा गॅसवरच करायचा हे तेव्हापासून ठरलं. स्पिती लडाखला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा की शून्याच्या खाली ही चार्ज करायची नसते, सेल कायमचे खराब होतात, त्यामुळे बीएमएसमध्ये लो टेम्परेचर कट आहे का ते विचारूनच घ्या. आपल्याकडे उलटा प्रॉब्लेम, उष्णता, म्हणून इंजिनजवळ ठेवू नका. पावसाळ्यात गाडी उभी राहते तेव्हा मी ५०-६० टक्क्यावर ठेवून मेन स्विच काढतो. लेड अॅसिडचं बरोबर उलटं, ती फुल करूनच ठेवायची, नाहीतर प्लेटांवर सल्फेट जमतं.

तुम्ही रोज प्लग मिळेल अशाच ठिकाणी थांबत असाल तर मात्र ३२ हजार घालायची काही गरज नाही, एजीएम म्हणजे सीलबंद लेड अॅसिड बॅटरी घ्या, पाणी घालायची कटकट नाही आणि एरवी गॅसही बाहेर सोडत नाही. गाडीच्या स्टार्टरची बॅटरी मागे वापरायचा विचार पण करू नका, ती दोन सेकंद जोर लावायला बनवलेली असते, रात्रभर पंखे चालवायला नाही.

आमची जुनी ट्युब्युलर गावी नेऊन घरच्या इन्व्हर्टरला लावलीय. थोडी कमजोर झालीये, पण डिस्टिल्ड वॉटर घातलं की लाईट गेल्यावर दोन पंखे आणि टीव्ही आरामात ओढते.