कॅम्बेलचे खंड आणि सह्याद्रीच्या घाटवाटा : दहा महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी अमदानीतल्या या गॅझेटिअरच्या, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीच्या पुस्तकांच्या भरवशावर घाट उतरायला गेलात, तर दुपारी तीनला कारवीच्या झुडपांत अडकाल. तरीही घाटवाटांसाठी इतकं कामाचं दुसरं काही अजून हाती लागलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते पुढे येईलच.

वापरलेला संच असा : मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे, म्हणजे जेम्स कॅम्बेल संपादक असलेल्या मालिकेतले, सह्याद्रीचे खंड. रत्नागिरी-सावंतवाडी (१८८०), ठाणे (१८८२), कुलाबा-जंजिरा आणि नाशिक (दोन्ही १८८३), नगर (१८८४), पुणे तीन भागांत आणि सातारा (दोन्ही १८८५). जोडीला राज्य सरकारने नंतर काढलेल्या सुधारित आवृत्त्या, क्लून्सचं १८२६ चं मार्गांचं पुस्तक, रामचंद्रपंत अमात्यांचं राज्यनीतीवरचं आज्ञापत्र आणि सर्वेक्षण खात्याची १:५०,००० ची टोपोशीटं, म्हणजे चढउतार दाखवणारे नकाशे. काळ जून ते मार्च. म्हणजे अख्खा पावसाळा, गवत पिवळं पडायचे दिवस आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आटायला लागतात ती सुरुवात, एवढं सगळं या वापरात आलं.

विकत घ्यायची घाई करू नका. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने जुने खंड संकेतस्थळावर फुकट ठेवलेत, स्कॅन केलेल्या प्रती इतरत्रही मिळतात. बाजारातली पुनर्मुद्रणं बहुधा मूळ पानांचे फोटो काढून छापलेली असतात. हाती आलेल्या एका प्रतीत घडीचा नकाशा घडी न उलगडताच छापला होता : अर्धा जिल्हा आणि मधोमध काळा पट्टा. पाठ नुसत्या गोंदाची असेल तर पावसाळ्यात फुगते, हिवाळ्यात सुकते आणि पानं सुटतात. घ्यायचाच असेल खंड, तर दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी बघा. नकाशा पूर्ण आहे का, तळटिपा वाचता येतात का, पाठ शिवलेली आहे का. तळटिपांचं विशेष सांगतो, कारण निम्मा माल तिथे असतो. वर एका ओळीत उरकलेल्या घाटातून कोण प्रवासी कुठल्या साली गेला, हे खाली बारीक टायपात सापडतं.

स्कॅन फाइलीत नाव शोधताना हमखास फसायला होतं. कॅम्बेलच्या मंडळींनी ‘आ’ दाखवायला इंग्रजी ‘ए’वर तिरकी रेघ दिली आहे. मशीन ती रेघ पाहून त्या अक्षराला बरेचदा ‘डी’ समजतं. मग नाशिक, मावळ, माळशेज अशी नावं टाइप केली की शून्य निकाल येतो आणि माणूस म्हणतो, पुस्तकात उल्लेखच नाही. उल्लेख असतो. नावातला ‘आ’ टाळून उरलेला तुकडा शोधायचा : नाशिकसाठी नुसतं ‘सिक’, मावळसाठी ‘वळ’, अर्थात रोमन अक्षरांत. भलत्या चार ओळी येतील, पण हवी ती निसटणार नाही.

दुसरी फसगत जिल्ह्यांची. रायगड किल्ला कुलाब्याच्या खंडात, कारण जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यातच होतं. कर्जतचा मुलूखही तेव्हा ठाण्यात, म्हणून माथेरान बघायचं तर ठाण्याचा खंड उघडावा लागतो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाचा आजचा अकोले तालुका नगरच्या खंडात ‘अकोला’ असा छापलाय. त्याचा विदर्भाशी काही संबंध नाही. संस्थानांचा मुलूख खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलातल्या जिल्ह्यांच्या मानाने त्रोटक उरकलेला आहे, त्यामुळे भोरच्या आसपासच्या खोऱ्यांत फार अपेक्षा ठेवू नका.

आता मुख्य उपयोगाकडे. बहुतेक जण शेवटचं, ठिकाणांचं प्रकरण उघडतात, किल्ल्याचं नाव बघतात आणि खंड मिटतात. घाटवाटांचं खरं धन व्यापाराच्या प्रकरणात आहे. तिथे घाटांची यादी येते आणि प्रत्येकापुढे तो कशाच्या लायक ते लिहिलेलं असतं : गाडीच्या, लादलेल्या बैलाच्या, की नुसत्या पायी माणसाच्या. ही तीन शब्दांची नोंद म्हणजे वाटेची कुंडली.

लादलेला बैल जात असे, म्हणजे वाट वळणावळणाने, बेताच्या चढाने काढलेली असणार. पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी घेतलेल्या बैलाला रुंदी लागते आणि उडी मारता येत नाही. अशा वाटेवर चालताना समोर सरळ कडा आला किंवा हाताने धरून चढावं लागलं, तर तुम्ही चुकलात. परत फिरायचं आणि शेवटचं वळण कुठे सुटलं ते शोधायचं, बहुधा ते शंभर-दोनशे मीटर मागे असतं. याउलट नोंद पायी माणसापुरती असेल, तर कातळटप्पे, घळीतले धोंडे, खोबण्या, एखादी निसणी (लाकडी शिडी) असणार हे गृहीत धरूनच निघायचं. तिथे कडा आला म्हणून घाबरून दुसरी वाट शोधत बसलात तर आणखी भरकटाल. आजच्या किती मार्गदर्शक पुस्तकांत हा भेद सापडतो? ‘वाट सोपी आहे’ किंवा ‘वाट अवघड आहे’, यापलीकडे मजल जात नाही.

या नोंदीसोबत मालाचं नाव असेल तर तेही टिपून ठेवा. मिठाचे तांडे वर आणि धान्य खाली, अशी ये-जा असलेल्या वाटेवर पाणी आणि मुक्कामाची सपाटी ठरावीक अंतराने असणारच. टाकं किंवा झरा घाटमाथ्याच्या जरा अलीकडे, चढ संपत आल्यावर शोधायचा, कारण जनावर तिथे थांबे. नाणेघाटात हे नीट दिसतं. वैशाखऱ्याकडून चढत आलं की शेवटी खिंडीत फरसबंदीची अरुंद वाट, बाजूला टाकी, सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेलं लेणं आणि माथ्यावर तो दगडी रांजण, जकातीच्या नावाने ओळखला जाणारा. सगळी सोय घाटाच्या तोंडाशी एकवटलेली आहे. एकदा हा नमुना डोक्यात बसला की कमी ओळखीच्या घाटांतही नजर योग्य जागी जाते.

मग चुकतं कुठे? तर, वाटेला गिऱ्हाईक उरलं नाही इथे. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे गेली, थळघाटातून १८६५ साली. गॅझेटिअर लिहिलं जात होतं तेव्हाच आजूबाजूच्या बैलवाटांची रहदारी ओसरत होती. दीडशे वर्षांत त्यावर कारवी माजली. कारवी पुरुषभर उंच होते, सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, वाळते आणि काड्या आडव्या पडतात. त्या वर्षी वाट असून नसल्यासारखी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत छातीला लागतं. म्हणून बैलवाट शोधायची तर जानेवारीनंतर, गवत बसल्यावर. वाट डोळ्यांना दिसली नाही तरी पायाला कळते : उतारावर आडवी गेलेली सपाटीची पट्टी, डोंगराच्या बाजूला कापलेली आणि दरीच्या बाजूला दगड रचलेली.

काही वाटा तर पाण्याखालीच आहेत. भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं, नगरचा खंड १८८४ चा. त्यातली प्रवरेकाठची वर्णनं आज जलाशयात शोधावी लागतील. मुळशीचं खोरं तसंच, जिथे १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. कोयनेच्या शिवसागराने तर साताऱ्याच्या खंडातला जावळीचा भाग वाचायची रीतच बदलून टाकली : वासोट्याला आता बामणोलीहून लाँचने पाणी ओलांडून जावं लागतं, वर अभयारण्याची परवानगी. त्यामुळे जुना मजकूर वाचताना पहिलं काम हे, की टोपोशीटवर जलाशयाची कड पेन्सिलीने गिरवायची आणि मजकुरातलं गाव त्या कडेच्या आत पडतं का ते बघायचं. गाव त्याच नावाने वर सरकून वसलेलं असतं, त्यामुळे मोबाईलच्या नकाशावर नाव सापडलं एवढ्याने भागत नाही.

अंतर आणि उंचीचे आकडे कसे घ्यायचे? ‘जुन्नरच्या पश्चिमेस अमुक मैल’ यातली दिशा भरवशाची, मैल सैल. मैलाला १.६ ने गुणून टोपोशीटवर वर्तुळ काढा आणि दिशेच्या पाचरीत शोधा. उंचीत दोन पद्धती मिसळलेल्या आहेत. शिखरांची उंची समुद्रसपाटीपासून, पण किल्ल्यांची पुष्कळदा पायथ्याच्या सपाटीपासून दिलेली असते, आणि वाक्य नीट वाचलं नाही तर दीड-दोन हजार फुटांचा घोळ होतो. कळसूबाईचे १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट, हा आकडा पाठ ठेवा. कुठल्याही नोंदीची उंची त्याच्याजवळ गेली की शंका घ्या.

टोपोशीटशिवाय यातलं काहीच वापरू नये. नाशिकच्या दक्षिण भागापासून माळशेजपर्यंतचा पट्टा ४७ ई क्रमांकाच्या चौकटीमध्ये, राजगड-रायगड ४७ एफ मध्ये, महाबळेश्वर ४७ जी मध्ये, साल्हेर मात्र ४६ एच मध्ये. या प्रत्येकाची पुन्हा सोळा पत्रकं. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटरच्या अंतराने असतात. म्हणजे पंधरा मीटरचा ताशीव कडा दोन रेषांच्या मध्ये अलगद लपतो आणि कागदावर उतार सौम्य दिसतो. गॅझेटिअरमध्ये ‘पायी माणसापुरती’ आणि टोपोशीटवर सौम्य उतार, असा विसंवाद आला तर गॅझेटिअरचं ऐका.

किल्ल्यांच्या बाबतीत नाशिकचा खंड सर्वांत उजवा, कारण त्यात १८१८ साली कॅप्टन ब्रिग्जने पाहून लिहिलेली वर्णनं घातली आहेत. हरिहरच्या पायऱ्यांना त्याने भिंतीला टेकवलेल्या शिडीची उपमा दिली आहे, आणि आज शनिवार-रविवारी तिथे रांग लावून चढणाऱ्यांना ती पटावी. पण हीच या खंडाची मेखही आहे. पुस्तक १८८३ चं, डोळे १८१८ चे. मराठ्यांचं राज्य गेल्यावर इंग्रजांनी कितीतरी गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवले. चावंडला ते तुटलेपण स्पष्ट दिसतं, तिथे आता रेलिंग धरून जावं लागतं; मदनगडाला दोर लागतो. म्हणून प्रत्येक नोंदीत आधी शोधायचं, की हे वाक्य कोणत्या सालचं आहे. ‘होतं’ की ‘आहे’ यावर संध्याकाळ कुठे होणार ते ठरतं.

पाण्यासाठी आज्ञापत्र. लहानसं पुस्तक, दुर्गांचं प्रकरण तासाभरात वाचून होतं, आणि त्यानंतर गडावरची टाकी वेगळी दिसू लागतात. गड बांधण्याआधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, झरा असला तरी त्यावर निश्चिंत राहू नये, असा त्यातला रोख आहे. म्हणजे एका गडावर टाक्यांचे दोन प्रकार : रोजच्या वापराची आणि राखीव. रोजची टाकी वाटेवर, उघडी, आज गाळाने आणि शेवाळाने भरलेली. पिण्याजोगं पाणी बहुधा आडबाजूला, कातळाच्या पोटात शिरलेल्या, खांब सोडून खोदलेल्या टाक्यात मिळतं. ऊन लागत नाही म्हणून ते टिकतंही. तरी गाळून, उकळूनच प्या.

लोकजीवनाची प्रकरणं जरा सावधपणे वाचा. महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची घरं, धान्यं, हत्यारं, सण यांची नोंद बारकाईची आहे. शेतीच्या प्रकरणातलं राबाचं वर्णन हातात धरून एप्रिल-मे महिन्यात मावळात गेलात, तर फांद्या-पाला पसरून भाजलेले ते काळे चौकोन आजही दिसतील. पण स्वभावाचे दाखले देणारी वाक्यं सरळ सोडून द्या, ती महसूल आणि पोलीस खात्याची नजर आहे. १८४८ साली ठाण्याला फाशी गेलेले राघोजी भांगरे त्या नजरेला लुटारू दिसतात. अकोले-राजूर भागात त्यांचं नाव कसं घेतात ते ऐकलं की पुस्तकाची उंची आपोआप ठरते.

इतिहासाचं प्रकरण तर वगळलं तरी चालेल. ते मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या खांद्यावर उभं आहे. शिवजन्माचं साल तिथे १६२७ मिळेल, कारण १६३० ची नोंद देणारी जेधे शकावली टिळकांनी प्रसिद्ध केली ती १९१६ साली.

क्लून्स फक्त ज्यांना जुन्या मजला, म्हणजे मुक्कामा-मुक्कामाचे टप्पे, जोडून बघायच्या आहेत त्यांच्यासाठी. सुधारित आवृत्त्यांत रस्ते, धरणं, तालुके ताजे आहेत, पण गडांच्या नोंदी पुष्कळदा जुन्याच, आणि घाटांची यादी सडकांच्या यादीत विरघळलेली.

सॅकमध्ये अख्खा खंड न्यायचा नसतो. एका मोहिमेला चार गोष्टींच्या छापील प्रती पुरतात : त्या गडाची नोंद, घाटांच्या यादीचं पान, तालुक्याचं वर्णन आणि तळटिपा. ए-फोर कागदावर दोन पानं शेजारी, लेझर प्रिंटरवर. शाईच्या प्रिंटरची छपाई पहिल्या सरीला पसरते. झिपच्या पिशवीत घालून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, खिशात घामाने भिजतात. मोबाईलवर तीच पानं वेगळी काढून ठेवा. सहाशे पानांची स्कॅन फाइल डोंगरात उघडेपर्यंत बॅटरी आणि धीर दोन्ही जातात.

प्रतीच्या समासात पेन्सिलीने तीन गोष्टी लिहीत चला : तारीख, टाक्यात पाणी किती हात, आणि पायथ्याच्या गावात त्या घाटाला आज काय म्हणतात. कॅम्बेलचं नाव आणि गावातलं नाव जुळलं नाही, तर गावातलं वर लिहा, कॅम्बेलचं कंसात.